पाणी माझ्या केआरएत होतं का?

व्यवस्थापकांची पगारवाढ एप्रिलमध्ये ठरते, असा आमच्या कारखान्यात पक्का समज आहे. एप्रिल लागला की वर्षभर एचआरला टोमणे मारणारी मंडळी कँटीनमध्ये माझ्यासाठी खुर्ची सरकवतात. मुलीची दहावी, घराचे हप्ते, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं न विचारता सांगतात. मी ऐकून घेते. एप्रिलमध्ये ठरायचं असं फारसं काही उरलेलंच नसतं, हे त्यांना सांगायची सोय नसते. मुख्य आकडा आधीच्या नोव्हेंबरात मुंबईत निघालेला असतो आणि तो काढताना यांच्यापैकी एकाचंही नाव कोणाच्या समोर नसतं.

मी लोटे परशुराम एमआयडीसीतल्या एका रसायन कंपनीत एचआर बघते. राहायला चिपळूणला. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, मुख्य कार्यालय मुंबईत, मोठा कारखाना गुजरातेत, आणि आमचा लोट्याचा त्याहून लहान. बरीच वर्षं माझं काम म्हणजे मुंबईहून आलेली पत्रं वाटायची आणि नंतर महिनाभर रुसवेफुगवे काढायचे. २०२१-२२ या वर्षासाठी मात्र मुख्य कार्यालयाने प्रत्येक कारखान्यातून एचआरचं एक माणूस पगारवाढीच्या कामात घ्यायचं ठरवलं आणि लोट्यातून मी गेले. ते वर्ष चिपळुणात काढलेल्यांना ते कसलं वर्ष होतं हे वेगळं सांगायला नको. त्याकडे येतेच.

कंपनी आधी खुर्चीची किंमत करते, खुर्चीतल्या माणसाची पाळी नंतर येते. एडवर्ड हे नावाच्या अमेरिकी सल्लागाराच्या संस्थेने गेल्या शतकाच्या मध्याला पदांना गुण देण्याची एक पद्धत बसवली. ती संस्था २०१५ पासून कॉर्न फेरीकडे आहे आणि आपल्याकडच्या बऱ्याच मोठ्या कंपन्या हीच पद्धत किंवा तिची भावंडं वापरतात. पदासाठी काय काय यायला लागतं, किती गुंतागुंतीचे प्रश्न सोडवावे लागतात आणि किती मोठ्या गोष्टीचा जाब द्यावा लागतो, या तीन अंगांनी गुण पडतात. गुणांवरून ग्रेड, ग्रेडला पगाराचा पट्टा: किमान, मध्य, कमाल. आमच्या उत्पादन व्यवस्थापकाची खुर्ची आणि मुंबईतल्या एका खरेदी व्यवस्थापकाची खुर्ची एकाच ग्रेडमध्ये बसतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. एकाच्या हाताखाली रात्रीच्या पाळीत रिअॅक्टर तापत असतात, दुसऱ्याच्या हाताखाली एक्सेल. पण गुण सारखे पडले म्हणजे पडले.

मग बाजारभाव. हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो तेव्हा पापलेटाच्या टोपलीचा भाव चार माणसांदेखत पुकारला जातो. पगाराच्या बाजारात उलटं आहे. कंपन्या आपापले आकडे एका सल्लागार संस्थेकडे गुपचूप देतात आणि ती संस्था नावं पुसून सगळ्यांची सरासरी, पंचविसावा, पन्नासावा, पंचाहत्तरावा पर्सेंटाइल परत देते. कोण किती देतो ते कळत नाही, आपण कुठे उभे आहोत तेवढं कळतं. आमच्या कंपनीचं धोरण पन्नासाव्यावर राहायचं. म्हणजे बाजारात निम्मे आपल्यापेक्षा जास्त देतात, निम्मे कमी. सगळ्याच कंपन्या मध्यावर किंवा त्याच्या जरा वर राहायचं म्हणतात. त्यामुळे मध्य दर वर्षी वर सरकतो आणि सगळे पुन्हा त्याच्या मागे धावतात. वरच्या पदांचे पगार असे का फुगत जातात, याचं मला पटलेलं हे निम्मं उत्तर.

या पाहणीत आपली तुलना कोणाशी करायची यावर मात्र मी बोलले. कोणीतरी सुचवलं होतं की लोट्याच्या व्यवस्थापकांसाठी मध्यबिंदू थोडा खाली धरावा, तिकडे खर्च कमी. ‘चिपळूणला घरभाडं असतं तरी किती?’ असं एका साहेबांनी विचारलं. भाडं कमी आहे हे खरंच. पण गुजरातेत दहेज किंवा अंकलेश्वरला पंधरा वर्षं काढलेला केमिकल इंजिनिअर लोट्याला यायचा तर त्याच्या बायकोच्या नोकरीचं काय, मुलाच्या अकरावीच्या क्लासचं काय, आणि रात्री छातीत दुखलं तर कुठे न्यायचं, हे तो मुलाखतीतच विचारतो. आमच्याकडे जागा सहा-सहा महिने रिकाम्या राहतात. ती यादी मी नेली होती. सूचना मागे पडली. माझ्या बोलण्याने पडली की यादीने, सांगता येत नाही. आकड्यांच्या लोकांना यादी जास्त पटते.

आता तो नोव्हेंबरातला आकडा. वित्त प्रमुख पुढच्या वर्षाचा अंदाज मांडतात, त्यात पगारखर्चाची एक ओळ असते. त्या ओळीत एक टक्केवारी घालावी लागते. पाहण्या त्या वर्षी नऊ-दहाच्या भोवती फिरत होत्या. आमच्याकडे नऊ घातले. नऊ म्हणजे प्रत्येकाला नऊ, असं बाहेरच्याला वाटतं. त्यातला एक टक्का बढत्यांसाठी राखला, अर्धा टक्का ‘करेक्शन’साठी, म्हणजे जे बाजारभावापेक्षा फारच खाली राहिलेत त्यांना ओढून घ्यायला. कामगिरीवर वाटायला उरले साडेसात. जेव्हा पत्रं तयार होत होती त्या एप्रिल २०२२ मध्ये देशातली किरकोळ महागाई ७.७९ टक्के होती. म्हणजे ठीकठाक काम केलेला व्यवस्थापक वर्षभर राबून जागच्या जागी, किंवा पाऊलभर मागे. हे कुठल्याच सादरीकरणात नव्हतं. नऊचा आकडा मात्र मोठ्या अक्षरात होता.

कामगारांचं असं नसतं. आमच्या कामगारांची वाढ युनियनबरोबरच्या करारात ठरते, करार तीन-चार वर्षांचा, त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या, आणि गेटवर नोटीस लागते. कोणाला किती हे सगळ्यांना ठाऊक. बोनसला तेव्हा १९६५ चा कायदा होता: किमान ८.३३ टक्के, कमाल २०, आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना. व्यवस्थापक या सगळ्याच्या बाहेर. त्याच्यासाठी ना युनियन, ना करार. त्याला पोर्टलवर एक पत्र येतं, वर ‘गोपनीय’ लिहिलेलं. घासाघीस करायला समोर माणूसच नसतो.

फेब्रुवारीत स्वमूल्यमापन सुरू झालं, म्हणजे केआरएत (वर्षासाठी ठरवून दिलेल्या कामांत) आपण काय केलं ते ज्याने त्याने लिहायचं. आमच्याकडे पाच श्रेणी आहेत, पाच सगळ्यात वरची, आणि ‘बेल कर्व्ह नाही’, म्हणजे ठरावीक टक्के वर आणि ठरावीक खाली अशी सक्ती नाही, असं धोरणपत्रात ठळक लिहिलेलं आहे. त्याच्या खालच्या ओळीत ‘मार्गदर्शक विभागणी’ आहे: पाचमध्ये दहा टक्के, चारमध्ये वीस, तीनमध्ये साधारण पंचावन्न, बाकीचे खाली. जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्च यांनी वीस-सत्तर-दहा अशी माणसांची चळत लावायची पद्धत गाजवली. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१३ मध्ये असल्या सक्तीच्या क्रमवारीला रामराम केला, तेव्हा आपल्याकडेही सगळ्यांनी ‘आम्ही पण सोडली’ म्हणून सांगायला सुरुवात केली. सोडली खरी. पण वाटायची थैली तेवढीच असेल तर विभागणी कुठल्या ना कुठल्या नावाने परत येतेच.

लोट्यात या ग्रेडांमध्ये आमचे चौदा जण. चौदाचे दहा टक्के म्हणजे एक माणूस आणि वर चार दशांश. घंटेसारखा आलेख हजारो माणसांत दिसत असेल. चौदा जणांत घंटा कसली शोधायची? उत्तर असं की लहान कारखान्यांना एका मोठ्या गटात टाकायचं आणि सगळ्या प्रमुखांनी एकत्र बसून श्रेणी जुळवायच्या. या बैठकीला कॅलिब्रेशन म्हणतात. आमचे लोक नुसतं ‘कॅलिब’ म्हणतात, आणि दबक्या आवाजात.

बैठक एप्रिलमध्ये मुंबईला. आमचे प्लँट हेड दर वर्षी या बैठकीला जाताना हापूसच्या पेट्या घेऊन जातात आणि लोट्यात त्यावर ठरलेले विनोद होतात. मी जुन्या फायली काढून पाहिल्या: पेट्या नियमित गेल्या आहेत, पाचच्या श्रेणी नाहीत.

आता उत्पादन व्यवस्थापकाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण सगळी पद्धत मला त्याच्यामुळे कळली.

२२ जुलै २०२१ च्या पहाटेपासून वाशिष्ठीचं आणि शिव नदीचं पाणी चिपळुणात शिरलं. बाजारपेठेत पहिल्या मजल्याला लागलं. परशुराम घाटात दरड आली, महामार्गावरचा वाशिष्ठीचा जुना पूल खचला, कोकण रेल्वे चिपळूण आणि कामथ्याच्या मध्ये थांबली. लोटे वर पठारावर, आमच्या कारखान्यात पाणी आलं नाही. पण निम्मी माणसं चिपळूणची, त्यांची घरं पाण्यात. दक्षिणेकडून येणारा कच्चा माल घाटाच्या पलीकडे अडकला. रात्रपाळीला आलेले आत राहिले, त्यांना सोडवायला येणारे पोचलेच नाहीत. उत्पादन व्यवस्थापक त्या रात्री आत होता. त्याचं स्वतःचं तळमजल्याचं घर पाण्याखाली गेलंय हे त्याला फोनवर कळलं आणि मग फोनही बंद पडले. रिअॅक्टर मध्येच सोडून देता येत नाहीत. आहेत त्या माणसांना घेऊन त्याने एकेक बॅच सुरक्षित थंड केली, प्लँट नीट बंद केला. पुढचे कित्येक आठवडे अर्धी माणसं घरातला चिखल काढत होती, त्यात त्याने पाळ्या लावून उत्पादन टप्प्याटप्प्याने उभं केलं. एक अपघात नाही, एक वायुगळती नाही.

वर्षाचं उत्पादन लक्ष्याच्या ७८ टक्क्यांवर थांबलं.

कॅलिब्रेशनमध्ये पडद्यावर प्रत्येकाचं नाव, ग्रेड, प्रस्तावित श्रेणी आणि दोन ओळी येतात. त्याच्यासाठी प्लँट हेडनी पाच सुचवली होती. ते बोलले, चांगलं बोलले. मग गुजरातच्या प्रमुखांनी विचारलं, ‘उत्पादन ७८ टक्के आणि श्रेणी पाच, हे ऑडिटला कसं दाखवायचं?’ विक्रीवाले म्हणाले, त्या काळात आमची दोन गिऱ्हाइकं गेली. कोणी दुष्टपणाने बोललं नाही. पण मुंबईतल्या ज्या दोघांना पाच मिळाली त्यांना त्या खोलीतले सगळे ओळखत होते. त्यांची सादरीकरणं पाहिलेली, त्यांच्याबरोबर जेवलेले. लोट्याच्या माणसाला ओळखणारे आम्ही दोघंच. त्याची चार झाली. माझ्या मते या खोलीतला खरा पक्षपात हाच: जो दिसतो त्याच्याबद्दल लोकांकडे किस्से असतात, जो दिसत नाही त्याचा नुसता आकडा असतो. तेव्हापासून आमच्या माणसांना मी सांगते, महिन्यातून एकदा तरी मुंबईच्या आढाव्यात स्वतः बोला, साहेबांना बोलायला लावू नका. कामापेक्षा याचा उपयोग जास्त होतो. चीड येते, पण होतो.

श्रेणी ठरली की माणसांचं काम संपतं, पुढे तक्ता. एका बाजूला श्रेणी, दुसऱ्या बाजूला कॉम्पा-रेशो, म्हणजे तुमचा पगार भागिले तुमच्या ग्रेडचा मध्यबिंदू. उत्पादन व्यवस्थापकाचा पगार वर्षाला २० लाख, मध्यबिंदू २४ लाख, रेशो ०.८३. चारची श्रेणी आणि ०.९० च्या खाली: तक्त्यात १२ टक्के. त्याच श्रेणीत ज्याचा रेशो १.१० च्या वर, त्याला ६. यामागचं तर्कशास्त्र सरळ आहे, जो बाजारभावाच्या खाली आहे तो सुटून जाईल, त्याला आधी ओढा. पण वीस वर्षं इमानाने काढलेल्या आमच्या इंजिनिअरिंगच्या प्रमुखांना हे समजावताना माझी जीभ अडखळते. ‘म्हणजे मी जास्त दिवस राहिलो म्हणून कमी?’ असं ते विचारतात. हो, साधारण तसंच.

सगळ्यांची तक्त्याप्रमाणे बेरीज केली तर थैलीपेक्षा अर्धा टक्का जास्त निघाली. मग सगळ्यांचा अर्धा अर्धा टक्का कापला. बाराचे साडेअकरा. म्हणजे वर्षाला २ लाख ३० हजार. त्यातून कंपनीच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी वजा करा, ग्रॅच्युइटीचे मूळ पगारावर ४.८१ टक्के वजा करा (तेही सीटीसीत, म्हणजे माणसावर कंपनीच्या होणाऱ्या एकूण खर्चात, धरतात), मग त्याच्या वाट्याचा निधी, मग ३० टक्के आयकर आणि वरचा सेस. महिन्याला हातात अकरा हजारांच्या थोडं वर. पत्रात अर्थात सीटीसीचा आकडा असतो.

पगारवाढ इथे संपली. इन्सेंटिव्हचा हिशेब वेगळा आणि तिथेच खरी गंमत आहे.

इन्सेंटिव्ह, म्हणजे आमच्याकडे ज्याला सगळे व्हेरिएबल म्हणतात, ते ग्रेडनुसार ठरतं. खालच्या व्यवस्थापकांना पगाराच्या दहा टक्के, मधल्यांना पंधरा, वरच्यांना तीस किंवा जास्त. जितकी खुर्ची वर तितका पगार कंपनीच्या नफ्याला बांधलेला, हे तत्त्व मला पटतं. उत्पादन व्यवस्थापकाचं लक्ष्य १५ टक्के, म्हणजे ३ लाख. त्यात ४० टक्के वजन कंपनीच्या निकालाला, ४० टक्के कारखान्याच्या, २० टक्के त्याच्या स्वतःच्या श्रेणीला. त्या वर्षी कंपनीचा गुणक आला १.२. चारच्या श्रेणीला १.१. आणि कारखान्याचा? नियम असा की लक्ष्याच्या ८० टक्क्यांना निम्मे पैसे, शंभरला पूर्ण, आणि ८० च्या खाली शून्य. आमचे ७८.

मांडून पाहा: कंपनीचे ०.४८, कारखान्याचे ०, स्वतःचे ०.२२. एकूण ०.७०. तीन लाखांचे २ लाख १० हजार. पुरातले आठवडे बाजूला काढून लक्ष्य ८५ धरलं असतं तर कामगिरी ९२ टक्क्यांच्या जवळ गेली असती, कारखान्याचा गुणक ०.८ आला असता आणि रक्कम झाली असती ३ लाख ६ हजार. ९६ हजारांचा फरक, एका माणसाचा. असे चौदा जण. ज्यांनी घरात कंबरभर चिखल असताना कारखान्यात येऊन काम केलं त्यांना त्या वर्षी दोन टक्क्यांनी कड्यावरून खाली ढकललं होतं.

मी हे सांगायला गेले तेव्हा उत्पादन व्यवस्थापक ओरडला वगैरे नाही. तो म्हणाला, ‘मॅडम, पाणी काय माझ्या केआरएत होतं का?’

हा प्रश्न मी टोटल रिवॉर्ड्सच्या, म्हणजे पगार आणि इन्सेंटिव्ह बघणाऱ्या विभागाच्या, प्रमुख बाईंना जसाच्या तसा मेलमध्ये लिहून पाठवला. बाई कडक, पण वाचतात. त्यांचा फोन आला: योजनेच्या कागदात समितीला स्वविवेकाने बदल करण्याचा अधिकार आहे, नोट तयार कर. ही समिती म्हणजे नामनिर्देशन आणि पारिश्रमिक समिती. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७८ प्रमाणे सूचीबद्ध कंपनीला ती ठेवावीच लागते. तीन किंवा जास्त संचालक, सगळे बिगर-कार्यकारी. वरिष्ठ व्यवस्थापनाच्या पगाराची शिफारस तिने संचालक मंडळाला करायची असते. आमच्यासारख्या मधल्या लोकांची नावं तिच्यापुढे जात नाहीत, पण योजनेचे गुणक जातात.

नोट लिहिताना मी पहिल्यांदा वरच्यांच्या पगाराचे नियम नीट वाचले, आणि सांगते, आमच्यापेक्षा त्यांचं पुष्कळ उघड आहे. कलम १९७ प्रमाणे सगळ्या संचालकांचं मिळून मानधन निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांच्या आत, एकच पूर्णवेळ संचालक असेल तर त्याचं ५ टक्के, अनेक असतील तर मिळून १० टक्के. याहून जास्त द्यायचं तर भागधारकांचा ठराव लागतो. प्रत्येक संचालकाचा पगार कंपनीतल्या कर्मचाऱ्यांच्या मध्य पगाराच्या (मीडियनच्या) किती पट, हे वार्षिक अहवालात छापावं लागतं. व्यवस्थापनाची सरासरी वाढ किती आणि इतरांची किती, तेही. कोणत्याही सूचीबद्ध कंपनीचा अहवाल काढा, संचालकांच्या अहवालाच्या जोडपत्रात हे मिळेल. ज्या कंपनीत नोकरी करता तिचं तरी पाहाच. आमच्या कँटीनमध्ये प्रवर्तकांच्या पगारावर तावातावाने चर्चा होते, पण अहवाल उघडलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. शेअर पर्यायांबद्दल मी इथे लिहीत नाही. ते लोट्यापर्यंत पोचतच नाहीत.

नोटमध्ये मी तारखा दिल्या, बंद रस्ते दिले, हजेरीपत्रक दिलं, बॅच सुरक्षित थांबवल्याच्या नोंदी दिल्या. दया मागितली नाही. मुद्दा एवढाच की इन्सेंटिव्ह ज्या वागण्यासाठी देतात तेच वागणं त्या आठवड्यात झालं होतं, आणि मोजपट्टी ते मोजत नव्हती.

समितीत काय झालं ते बाईंकडून कळलं. एका स्वतंत्र संचालकांनी विचारलं म्हणे, ‘पुराचं नुकसान हाताबाहेरचं म्हणून वगळायचं असेल तर कंपनीचा गुणक १.२ आलाय त्यातलं हाताबाहेरचं किती?’ प्रश्न अगदी बरोबर होता. २०२१ च्या उत्तरार्धात चीनमध्ये विजेवर निर्बंध आले, तिकडचे कारखाने मंदावले, जहाजभाडी आधीच आभाळाला टेकलेली. आमच्या दोन उत्पादनांचे भाव त्या काळात असे चढले की आधी कधी पाहिले नव्हते. नफा वाढला, गुणक वाढला. त्यात मुंबईतल्या कोणाच्या कर्तृत्वाचा भाग किती आणि चीनच्या विजेचा किती, हे कोणीच वेगळं काढलेलं नव्हतं. काढायचं ठरवलं असतं तर सगळ्यात मोठे इन्सेंटिव्ह, तीस-चाळीस टक्क्यांचे, सगळ्यात जास्त कापले गेले असते.

प्रश्न इतिवृत्तात गेला, तिथून पुढे नाही. आकाशातून पडलेला नफा कामगिरीत जमा होतो. आकाशातून पडलेला पाऊस मात्र कारखान्याच्या नावावर. मी चिडून लिहीत नाहीये. योजना ज्यांनी आखली त्यांनीही हे असं व्हावं म्हणून आखली नव्हती. पण चांगलं वर्ष गेलं की आकडे उलगडून पाहायची घाई कोणालाच नसते.

समितीने मधला मार्ग काढला. लक्ष्य बदललं नाही, पण लोट्याला ८० टक्के गाठल्यासारखं धरलं आणि कारखान्याचा गुणक शून्याऐवजी ०.५ केला. उत्पादन व्यवस्थापकाला २ लाख १० हजारांच्या जागी २ लाख ७० हजार मिळाले. पैसे जुलैच्या पगारात आले, कर कापून. एकाच महिन्यात एवढी रक्कम आली की टीडीएसचा आकडा पाहून माणूस हबकतो आणि मला फोन करतो. त्या आठवड्यात माझा फोन नुसता वाजत होता. तरी गणपतीच्या आत आले म्हणून पुष्कळ; भाद्रपदात आमच्याकडे खर्चाला तोंड नसतं.

पुढच्या वर्षाच्या योजनेत एक नवं कलम आलं. नैसर्गिक आपत्तीने कारखाना सलग ठरावीक दिवसांहून जास्त बंद राहिला आणि जिल्हा प्रशासनाने आपत्ती जाहीर केली असेल, तर समिती लक्ष्यात बदल ‘करू शकेल’. ‘करेल’ असं लिहा म्हणून मी मसुद्यावर खूण केली होती. कायदा विभागाने ती पुसली. भाववाढीच्या नफ्याबद्दल कलम आलं नाही, ते कोणी मसुद्यातही घातलं नव्हतं.

त्याच हिवाळ्यात उत्पादन व्यवस्थापकाने राजीनामा दिला. दहेजच्या एका कंपनीने २८ लाख देऊ केले होते. थांबवण्यासाठी प्लँट हेडनी पंचवीसपर्यंत जायची परवानगी मागितली. मुंबईहून उत्तर आलं की वर्षाच्या मध्ये वाढ देण्यासाठी थैलीत पैसे नाहीत. बरोबरच होतं, नव्हते. त्याच्या जागी माणूस शोधायला चार महिने लागले आणि तो २६ लाखांवर आला. ते पैसे कुठून आले, असं इंजिनिअरिंगच्या प्रमुखांनी मला विचारलं. भरतीचं बजेट वेगळं असतं, काका.

नवीन माणूस चांगला आहे. मध्यबिंदू आता २५ लाख झालाय, म्हणजे त्याचा कॉम्पा-रेशो १.०४. यंदा त्याला चारची श्रेणी मिळाली तरी तक्त्यात त्याच्यासमोर आठच टक्के आहेत, आणि एप्रिल लागल्यापासून कँटीनमध्ये तो माझ्यासाठी खुर्ची सरकवायला लागलाय.